घरातल्या तिन्ही टीव्हींवर एकच रेकॉर्डिंग दिसेल अशी सिस्टीम कोणती घ्यावी? रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स पुरेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही पुरणार. त्यात साठवलेलं त्या बॉक्सच्या बाहेर पडत नाही, बॉक्स मेला की रेकॉर्डिंगही गेलं. हे मी पेपरात वाचून सांगत नाहीये.

आमच्या सांगलीच्या घरी 2013 ला दादाने असाच बॉक्स आणला. एचडी, मागे यूएसबी, त्याला 500 जीबीची बाहेरची हार्ड डिस्क. माझ्या कॉम्प्युटरला त्याच्या आधीपासून टीव्ही ट्यूनर कार्ड होतं, म्हणजे चॅनेल पकडून कॉम्प्युटरवर दाखवणारं कार्ड, चित्र काही फार भारी नाही यायचं पण रेकॉर्ड केलं की सरळ एमपेगची फाइल, पेनड्राइव्हवर घ्या नाहीतर सीडी राइट करा. दादा त्याला ‘तुझं भंगार’ म्हणायचा.

2015 च्या आषाढीला आईचं भजनी मंडळ एका मराठी चॅनेलवर आलं. मोजून चार मिनिटं. आई दुसऱ्या ओळीत, हातात टाळ, आणि कॅमेरा तिच्यावर एकदाच थांबतो तेव्हा बाईसाहेब नेमक्या पदर सावरतायत. मी आदल्या दिवशीच म्हटलं होतं की बॉक्सच्या त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी माझ्या कार्डला पण जोडू, एचडीएमआयला लॉक असतं पण या जुन्या आउटपुटमधनं बिनबोभाट रेकॉर्ड होतं, एक जादा कॉपी राहील. दादा म्हणाला, त्यातनं फाटकं चित्र येतं, आपण एचडीत घेतोय ना, दोन-दोन कशाला. बाबांनी दादाची बाजू घेतली, त्यात नवीन काही नाही. पुढची दोन वर्षं घरी येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी ती चार मिनिटं दाखवली जायची.

2017 च्या मे महिन्यात वळीव आला, समोरच्या नारळावर वीज पडली आणि बॉक्स गेला. कंपनीचा पोरगा आला, नवा बॉक्स लावला, डिस्क जोडली, तर स्क्रीनवर ‘फॉरमॅट करा’. म्हणे सर, ही जुन्या बॉक्सशी लॉक असते. कॉम्प्युटरला लावली, तिथेही तेच, फॉरमॅट करायचं का? आईने स्वतः कस्टमर केअरला फोन केला, ‘बाळा, माझं भजन आहे रे त्यात’, तर पलीकडचा म्हणाला, मॅडम ते कॉपीराइटमुळे लॉक आहे. टाळ आईचे, आवाज आईचा, आणि कॉपीराइटसुद्धा आईलाच ऐकवला.

आणि ताईच्या लग्नाची 1994 ची व्हीएचएस कॅसेट? बुरशी धरलीय, अधूनमधून पट्टे येतात, पण लागते. मागची प्लास्टिकची पट्टी बाबांनी तेव्हाच मोडून ठेवली म्हणून कुणी त्यावर क्रिकेटची मॅच टेप केली नाही. घरी टेप करून नंतर बघणं गैर नाही हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या केसमध्ये 1984 सालीच सांगून टाकलंय, 5 विरुद्ध 4 मतांनी. आणि तिथून पुढे येत येत आपण कुठे आलो, तर रिचार्ज संपला की स्वतः केलेलं रेकॉर्डिंगही उघडत नाही अशा बॉक्सपर्यंत. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम आणि टीव्ही सेवांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2020 मध्ये शिफारस केली होती की एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालला पाहिजे. माझ्या घरात तरी तसा बॉक्स अजून आलेला नाही.

तर तुमची सिस्टीम. पहिली अट, रेकॉर्डिंग म्हणजे साधी फाइल हवी, कुठेही उचलून नेता येईल अशी. बाकी सगळं नंतर. हॉलमध्ये अर्धवट सोडलेलं बेडरूममध्ये तिथूनच पुढे लागलं पाहिजे. दोन ट्यूनर हवेत, नाहीतर मॅच आणि मालिका एका वेळेला आल्या की घरात महाभारत. सुरुवातीला पाच आणि शेवटी पंधरा मिनिटं जास्तीची घेता आली पाहिजेत कारण आपल्याकडे कुठलाच कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही, आणि लाइट जाऊन आली तर कुणी बटण न दाबता रेकॉर्डिंग परत सुरू झालं पाहिजे. हे शेवटचं जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मी आता पुण्यात जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन चालवतो, घरातले व्हिडिओ सगळ्या टीव्हींवर दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, सोबत डीव्हीबी-एस2 ट्यूनर (छत्रीचा सिग्नल पकडणारा) आणि दूरदर्शनच्या फुकट डीडी फ्री डिशची छत्री. फ्री डिशवरचे बरेच चॅनेल एन्क्रिप्टेड नाहीत त्यामुळे सह्याद्री वगैरे थेट फाइल होऊन डिस्कवर उतरतं आणि तिन्ही अँड्रॉइड टीव्हींवर दिसतं. एचडी 8 एमबीपीएसने धरलं तर तासाला 3.6 जीबी, म्हणजे 1 टीबीत पावणेतीनशे तास. एसडीला याच्या निम्मीसुद्धा जागा लागत नाही. घराचं काम चालू असेल तर पीओपीच्या आधी प्रत्येक खोलीत कॅट-6 ही नेटवर्कची वायर टाकून घ्या, विटांच्या भिंतीतनं वायफायवर एचडी अडकतं.

हां, एक राहिलं. पेड चॅनेल यात रेकॉर्ड होत नाहीत, घरच्यांच्या मालिका तिकडे असतील तर त्या ओटीटीवरच बघायच्या, म्हणजे तुमचा प्रश्न अर्धाच सुटला हे मान्य. छत्रीही वेगळी लागेल, फ्री डिश जीसॅट-15 वर आहे, 93.5 अंश पूर्वेला, आणि तुमची आत्ताची बहुधा दुसरीकडे तोंड करून असेल. सेटिंग करायला एक अख्खा रविवार जातो, आणि आईला रिमोट शिकवायला त्याहून जास्त.

दादा म्हणतो हल्ली सगळं यूट्यूबवर असतं, कशाला एवढा खटाटोप. आईची चार मिनिटं मी तिथे शोधून थकलो, नाहीत. डिस्क माझ्या कपाटात आहे, फॉरमॅट केलेली नाही.