बोली लावायची की भाव लिहायचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांच्या पेटीत ब्रिटिशकालीन चांदीचे तीसेक रुपये सापडले. ऑनलाइन लिलावात जास्त पैसे येतात म्हणतात. खरं का? (सातारा)

उत्तर : येतात, पण दोन हौशी गिऱ्हाइकं एकाच वेळी हजर असतील तरच. बोली कुठवर चढेल हे सगळ्यात उत्सुक माणसापेक्षा त्याच्या मागच्या माणसावर ठरतं. एकाची तयारी ४,००० ची, दुसऱ्याची ३,२०० ची आणि बोलीची वाढ १०० ची असेल, तर नाणं ३,३०० च्या आसपास जातं. दुसरा आलाच नाही, तर सुरुवातीच्या बोलीलाच ते द्यावं लागतं. तुम्ही ती १ रुपया ठेवली असेल तर १ रुपयाला.

म्हणून आधी नाणी वेगळी करा. पंचम जॉर्जचा नेहमीच्या सालाचा रुपया बाजारात भरपूर मिळतो. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. तिला त्या दिवसाच्या ग्रॅमच्या भावाने गुणा आणि त्याच्या खाली उतरू नका. अशी नाणी सरळ भाव लिहून विकावीत. मात्र १९११ चा रुपया निघाला तर बाजूला ठेवा. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून चित्र बदललं. संग्राहक त्याच्या शोधात असतात. चांगल्या अवस्थेतल्या अशा नाण्याला लिलाव शोभतो. तिथेही राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली नाणं विकायचं नाही ती, टाकाच.

भावाचा अंदाज घेताना लोकांनी मागितलेल्या किमती पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या पाहा. फोटो दोन्ही बाजूंचे, कडेचा आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा. आणि कृपा करून नाणं चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. घासलेलं नाणं चकचकीत दिसतं, पण जाणकार ते निम्म्या भावातही घेताना कुरकुरतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला ते पाठवता येत नाही.

प्रश्न : मी २,००० ची कमाल बोली लावली होती. शेवटच्या काही सेकंदांत कुणीतरी २,०५० ला कॅमेरा नेला. फक्त ५० रुपयांनी हुकला! (नाशिक)

उत्तर : ५० रुपयांनी हुकला असं वाटतं खरं. कमाल बोली लिहिली की साइट ती उघड करत नाही, गरजेपुरतीच तुमच्या वतीने चढवते. दुसऱ्याची तयारी १,४०० ची होती तोवर तुमच्या नावापुढे १,४५० दिसत होते. तिसऱ्याने शेवटी कदाचित २,६०० लिहिले असतील. त्याला मात्र तुमच्या २,००० वर एक पायरी, म्हणजे २,०५० च द्यावे लागले. तुम्ही २,१०० लिहिले असते तरी कॅमेरा त्याचाच आणि त्याला २,०५० ऐवजी २,१५० पडले असते.

कुरिअर, तपासणीचा खर्च आणि असल्यास खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन वजा करून आपला खरा आकडा ठरवा आणि शेवटच्या मिनिटात एकदाच टाका. लवकर टाकलेली बोली इतरांना जागं करते. मात्र शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप काही मिनिटं वाढवणारे लिलावही असतात, बँकांच्या मालमत्तांचे बरेचसे असेच चालतात. तिथे घड्याळाकडे बघत बसण्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : भाव चढावा म्हणून भावाला बोली लावायला सांगितलं तर चालेल? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार, आधी जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा कुणाकरवी बोली लावणं बेकायदा आहे, आणि खरेदीदार तो व्यवहार फसवणूक समजून मोडू शकतो. शिवाय बोली तुमच्या भावाच्या नावावरच थांबली तर वस्तू घरातच राहते आणि साइटचं शुल्क मात्र भरावं लागतं.

प्रश्न : आमचा बचतगट गोधड्या शिवतो. त्या लिलावात टाकू का? (सोलापूर)

उत्तर : नको. जी वस्तू पुन्हा शिवता येते तिला ठरीव भावच हवा. गिऱ्हाईक सात दिवस थांबून गोधडी घेत नाही. १९९५ मध्ये लिलावावर उभ्या राहिलेल्या ईबे या साइटनेही २००० मध्ये लगेच खरेदीची सोय दिली आणि पुढे तिथला बहुतेक व्यवहार ठरीव भावावर गेला.

भाव काढताना एक चूक जवळजवळ प्रत्येक गटाकडून होते. समजा कापड, धागा आणि मजुरी १,२००, पॅकिंग व कुरिअर १५०, नफा ३००, म्हणजे हातात १,६५० यायला हवेत. साइटचं कमिशन १५ टक्के, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, एकूण १७.७ टक्के. गट १,६५० वर १७.७ टक्के चढवतो आणि १,९४२ लिहितो. पण कपात होते ती विक्रीच्या किमतीवर, आणि हातात पडतात सुमारे १,५९८. बरोबर रीत अशी : १,६५० भागिले ०.८२३, म्हणजे २,००५. परत येणाऱ्या पार्सलांची तोशीस यात धरलेली नाही. दहातली एक परत येत असेल तर त्या एकीचा जाण्यायेण्याचा खर्च उरलेल्या नऊंवर वाटून टाका. आकार सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलं, रंगाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढला की परतीचं प्रमाण बरंच उतरतं.

एखादी अगदी वेगळी, पुन्हा न जमणारी गोधडी झालीच, तर भाव लिहून शेजारी 'किंमत सुचवा' हा पर्याय चालू ठेवा. चार जणांनी काय सुचवलं ते पाहिलं की पुढच्या वेळी भाव किती लिहावा ते कळतं.

प्रश्न : जुन्या पाच रुपयांच्या नोटेला काही लाख मिळतील असा मेसेज आला. आधी नोंदणी फी मागताहेत. (ठाणे)

उत्तर : एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नसते आणि त्यासाठी फी किंवा कमिशनही घेत नाही, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितकी ती रक्कम गोठवणं अवघड.