वाचक विचारतात: नौदलातला इंजिनिअर आणि संयुक्त सराव

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं या शाखेत आयुष्यभर नोकरी केलेल्यांनी दिली आहेत.

मुलगी बारावी सायन्सला आहे. नौदलात इंजिनिअर व्हायचं म्हणते. आधी बी.ई. करावं की बारावीनंतर थेट जाता येतं?
– एक पालक, कराड

दोन्ही वाटा आहेत. बारावीनंतरची वाट म्हणजे बी.टेक. कॅडेट एंट्री. तिला वेगळी लेखी परीक्षा नाही. जेईई मेनच्या क्रमांकावरून एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखतीला बोलावतात. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित मिळून ७० टक्के हवेत, शिवाय दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के. निवड झाली की केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत चार वर्षं शिक्षण. खर्च नौदलाचा, पदवी जेएनयूची. ही वाट आता मुलींनाही खुली आहे.

दुसरी वाट पदवीनंतरची. कराडचं शासकीय अभियांत्रिकी किंवा सांगलीचं वालचंद, कुठूनही ६० टक्क्यांनी बी.ई. झालं की शॉर्ट सर्व्हिसला अर्ज करता येतो. ही नोकरी जास्तीत जास्त १४ वर्षांची असते. वयाच्या तारखा प्रत्येक जाहिरातीत बदलतात, त्या तिथेच बघाव्यात.

एक काम मात्र आत्ताच उरका. डोळ्यांची, विशेषतः रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. इंजिनरूममधले पाइप रंगांवरून ओळखायचे असतात, त्यामुळे इथे सवलत मिळत नाही. दोन वर्षं क्लासची फी भरून झाल्यावर हे कळलं तर मुलांचा फार विरस होतो.

सातारच्या सैनिक स्कूलमध्ये प्रवेश मिळाला की पुढचं पक्कं समजायचं का?
– एक वाचक, वाई

नाही. १९६१ साली सुरू झालेल्या या शाळेने भरपूर अधिकारी दिले, पण एनडीएची लेखी परीक्षा, एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी तिथल्या मुलांनाही चुकत नाही.

अधिकारी झाल्यावर इंजिनिअर नेमकं काय करतो? हातात पाना असतो की नुसत्या सह्या?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, इस्लामपूर परिसर

पहिली काही वर्षं पाना आणि टॉर्च, पुढे सह्या वाढत जातात. मरीन इंजिनिअरिंगचं शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर होतं. ही संस्था १९४५ पासूनची आहे. जहाजावर आल्यावर वॉचकीपिंगचं (यंत्रांवर पाळीने लक्ष ठेवण्याचं) सर्टिफिकेट मिळवावं लागतं आणि खरी परीक्षा ती. पायाखालच्या प्लेटा उचलून प्रत्येक लाइन हाताने चाचपत शेवटापर्यंत जायचं, मग कागदावर ती आठवणीने काढून दाखवायची: इंधन, ल्युब ऑइल, समुद्राचं पाणी, आगीच्या पाण्याची मेन, बिल्ज (जहाजाच्या तळाशी साचणारं पाणी). कुठला व्हॉल्व्ह कुठल्या फ्रेमला (जहाजाच्या सांगाड्यातल्या फासळीला) आहे, तो अंधारात उजव्या हाताला येतो की डाव्या, इथपर्यंत विचारतात. उत्तर चुकलं की पुन्हा प्लेटांखाली.

वॉच म्हणजे पाळी चार तासांची; संध्याकाळी दोन-दोन तासांच्या दोन, म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही. दर तासाला रीडिंग घ्यायचं. यात आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. ल्युब ऑइलचा दाब मर्यादेत आहे पण चार तासांत हळूहळू उतरतोय, तर फिल्टर चोंदतोय किंवा बेअरिंग झिजतंय. मर्यादा ओलांडल्यावर अलार्म वाजतोच, पण तोवर हातातला वेळ गेलेला असतो.

यंत्रंही एका जातीची नसतात. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर बॉयलर आणि स्टीम टर्बाइन आहेत, विक्रांत या दुसऱ्या विमानवाहूवर चार एलएम २५०० गॅस टर्बाइन, शिवालिक या फ्रिगेटवर डिझेल आणि गॅस टर्बाइन दोन्ही. साखर कारखान्यात बॉयलर किंवा टर्बाइनवर काम केलेल्या मुलाला विक्रमादित्यचं इंजिनरूम परकं वाटणार नाही. फीड वॉटरची शुद्धता आणि ड्रमची पातळी ही दोन दुखणी दोन्हीकडे सारखीच.

कायम कमिशनमध्ये सहा वर्षांनी लेफ्टनंट कमांडर आणि १३ वर्षांनी कमांडर, इथवर बढती सेवाकाळावर मिळते. त्यापुढे निवड मंडळ.

मलबार, वरुण, मिलान ही नावं बातम्यांत येतात. या सरावांत तोफा-क्षेपणास्त्रं दिसतात. इंजिनिअरला त्यात काम काय?
– एक वाचक, सातारा

आधी नावं लावून घेऊ. मलबार १९९२ साली भारत-अमेरिका असा सुरू झाला. २०१५ पासून जपान कायमचा सदस्य आणि २०२० पासून ऑस्ट्रेलियाही येतो. वरुण फ्रान्सबरोबर, कोंकण ब्रिटनबरोबर, सिम्बेक्स सिंगापूरबरोबर. मिलान बहुराष्ट्रीय, तो १९९५ मध्ये अंदमानात सुरू झाला आणि २०२२ पासून विशाखापट्टणमला भरतो. बहुतेक सरावांचे दोन भाग असतात: बंदरातला आणि समुद्रातला.

फोटो तोफेचा येतो, पण सराव अडतो तो इंधनाच्या होजपाशी. दोन देशांची जहाजं एकमेकांना चालत्या समुद्रात तेल देऊ शकली नाहीत, तर बाकीचा सराव दोन-चार दिवसांचाच.

टँकर सरळ दिशा आणि ठरलेला वेग धरतो, साधारण १२ ते १५ नॉट. घेणारं जहाज त्याच्या बाजूला ३० ते ५० मीटरवर येऊन वेग जुळवतं. बंदुकीने बारीक दोरी फेकतात, तिच्यामागून जाड दोरी, मग पोलादी तार. तार ताणली की तिच्यावरून होज घसरत येतो आणि टोकाचा प्रोब आपल्या जहाजावरच्या घंटेसारख्या तोंडात खटकन बसतो. तेल वाहायला लागलं की लाल ब्राव्हो निशाण वर.

इंजिनिअरचं काम याच्या कितीतरी आधी सुरू होतं. एक जादा जनरेटर चालू ठेवायचा. स्टिअरिंग गिअरच्या खोलीत माणूस उभा करायचा, दुसरा पंप तयार ठेवायचा. होज जोडलेला असेपर्यंत कुठलंही यंत्र बदलायचं नाही, कुठलाही ब्रेकर हलवायचा नाही. दोन जहाजांच्या मधल्या फटीतून पाणी वेगाने जातं, तिथला दाब उतरतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. अशा वेळी सुकाणू अर्धा मिनिट बंद पडलं तरी टक्कर व्हायला पुरे.

तेल आधी हळू सोडायला सांगायचं. पहिला नमुना काचेच्या बाटलीत घेऊन उजेडाकडे धरायचा. तो स्वच्छ आणि चमकदार हवा. धूसर असेल तर पाणी मिसळलेलं आहे, तळाला कण दिसले तर गंज किंवा गाळ. मग फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते. जहाजावरच्या इंधनाचा तो ६० अंश सेल्सिअसच्या वर लागतो, म्हणून पेट्रोलपंपावरचं डिझेल इथे चालत नाही. मध्ये आणि शेवटी पुन्हा नमुने. टाकी ९५ टक्क्यांच्या वर भरायची नाही, कारण तेल तापलं की फुगतं आणि एअर पाइपातून डेकवर येतं. सगळ्यात जास्त घडणारी चूक साधी आहे: एका बाजूच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा राहतो, दुसरी बाजू भरत जाते आणि जहाज कलतं. म्हणून प्रत्येक टाकीला साउंडिंगची (टाकीतल्या तेलाची खोली मोजायची) टेप घेऊन एक माणूस हवाच, गेज दाखवत असलं तरी.

पाण्याचं एवढं अवडंबर का? समुद्राच्या पाण्यातलं सोडियम आणि इंधनातलं गंधक ज्वलनात एकत्र येऊन सोडियम सल्फेट होतं. ते वितळलेल्या रूपात टर्बाइनच्या पात्यांवर बसतं आणि धातूवरचा संरक्षक थर खातं. पातं आज तुटत नाही, काही शे तासांनी तुटतं. तोवर तेल देणारा मित्र आपल्या देशात पोचलेला असतो.

याच कारणाने इंधनाचे निकष जुळवणं हा सरावाइतकाच महत्त्वाचा भाग. २०२१ च्या जानेवारीत नौदल आणि इंडियन ऑइलने एचएफएचएसडी आयएन ५१२ हे सुधारित निकषांचं इंधन आणलं. अमेरिकेबरोबर २०१६ साली झालेल्या लेमोआ या रसदीच्या करारामुळे एकमेकांकडून घेतलेल्या तेलाचा हिशेब कसा फेडायचा तेही ठरलं.

परदेशी जहाज आपल्या जेट्टीला लागलं की त्याला वीज आपण देतो का?
– पंप कारखान्यातला फिटर, पलूस

देता येते, पण नुसती केबल जोडून नाही. आपल्या किनाऱ्यावर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकी जहाजावर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टेजचा फरक किरकोळ दिसतो, घोटाळा करतो तो हर्ट्झचा.

६० हर्ट्झचा पंप ५० वर चालवला की वेग पाच-षष्ठांश होतो. प्रवाह वेगाच्या प्रमाणात, म्हणजे ८३ टक्क्यांवर येतो. पण हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ६९ टक्क्यांवर. वरच्या डेकवरच्या आगीच्या हायड्रंटला मग पाणी जेमतेम पोचतं. शिवाय ४४० भागिले ६० म्हणजे ७.३ आणि ४१५ भागिले ५० म्हणजे ८.३. मोटरच्या गाभ्यावर १३ टक्के जादा चुंबकीय फ्लक्स, करंट वाढतो, वाइंडिंग तापतं. उपाय म्हणजे जेट्टीवर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर, नाहीतर जहाजाने स्वतःचा जनरेटर चालू ठेवावा.

कन्व्हर्टर असला तरी फेज सिक्वेन्स (तिन्ही फेजचा क्रम) तपासल्याशिवाय ब्रेकर टाकायचा नाही. दोन फेज उलटसुलट झाल्या तर सगळ्या मोटरी उलट्या फिरतात. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरूनही थोडं पाणी देतो, त्यामुळे चूक लगेच लक्षात येत नाही. तुम्ही फिटर आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

आगीच्या होजची कपलिंगही देशागणिक वेगळी: कुठे आटे, कुठे खटका. म्हणून बंदरातल्या भागात दोन्ही जहाजांचे इंजिनिअर अ‍ॅडॉप्टर घेऊन बसतात आणि प्रत्यक्ष लावून, दाब देऊन बघतात. कागदावर जुळलेलं कपलिंग डेकवर गळू शकतं.

जहाजाला भोक पडलं तर पाणी अडवायचा सराव कसा करतात?
– बारावीचा विद्यार्थी, मिरज

लोणावळ्याच्या एनबीसीडी (आण्विक, जैविक, रासायनिक संरक्षण आणि नुकसान-नियंत्रण) शाळेत डोलणारा सिम्युलेटर आहे. त्यात खरंच पाणी सोडतात. आधी आकडा बघा. पाण्याखाली ३ मीटरवर १५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं, तर पाणी सेकंदाला साधारण ८० लिटर आत येतं. तासाला झाले जवळपास २९० टन. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर दोन मिनिटांत भरेल. हाताने उचलून न्यायच्या पंपाने हे उपसणं शक्य नाही, म्हणून आधी भोक आणि मग पंप.

अर्धं भोक बुजवलं तरी पाणी निम्म्यावर येतं. परिपूर्ण बंदोबस्ताच्या नादात वेळ घालवायचा नाही. लाकडी शंकूच्या आकाराची खुंटी कापडात गुंडाळून ठोकतात. पण खऱ्या भोकाच्या कडा आत वळलेल्या असतात, तिथे खुंटी बसत नाही. मग वरून पेटीसारखा पॅच आणि त्याला लाकडी टेकू. टेकूच्या पाचरी दोन्हीकडून एकाच वेळी ठोकायच्या, नाहीतर तो सरकतो.

पंप बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चिंध्या, कॉटन वेस्ट आणि कागद सक्शनच्या जाळीवर बसणं. आणि सबमर्सिबल पंप दोरीने सोडायचा, केबलला लटकवायचा नाही. ग्रामीण भागात विहिरीवर सर्रास केबलला धरून ओढतात. तिथेही हीच केबल ग्लँडपाशी, म्हणजे ती पंपात शिरते तिथे, तुटते.

२०१९ च्या पुरात नौदलाची पथकं सांगलीत आली होती. पुरासाठीही संयुक्त सराव असतात का? आमच्या मंडळाने बोट घेतली आहे, मोटर कशी सांभाळावी?
– मंडळाचा कार्यकर्ता, सांगली

असतात. टायगर ट्रायम्फ हा भारत-अमेरिकेचा तिन्ही दलांचा सराव आपत्तीतल्या मदतीसाठीच आहे. पहिला २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्व किनाऱ्यावर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५.

मोटर टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल ५० ला १, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत ५०० मिली. नवी मोटर असेल तर सुरुवातीच्या तासांत २५ ला १. तरी कंपनीचं पुस्तक शेवटचं. तेल आणि पेट्रोल बाहेर कॅनमध्ये हलवून मगच टाकीत ओता.

मोटर सुरू झाली की मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार येते. ती थांबली की मोटर तिथेच बंद करा. पुराच्या पाण्यात गाळ, कडबा आणि प्लास्टिक असतं, ते पाणी घेण्याच्या जाळीत अडकतं. रबरी इम्पेलर कोरडा फिरला की काही सेकंदांत जळतो. सुटा इम्पेलर, दोन स्पार्क प्लग, प्रोपेलरची शिअर पिन आणि पकड, एवढं बोटीत बांधून ठेवा. काम झालं की स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं मोटर चालवा, इंधनाची नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्या. पावसाळ्याआधी जूनमध्ये एकदा पाण्यात उतरवून बघा; वर्षभर पडून राहिलेल्या मोटरचं कार्बोरेटर जेटपाशी हमखास चिकटलेलं असतं.