माळ्यावरच्या तबकड्या विकण्याआधी कुठली बाजू पांढरी पडलीय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचता वाचता माझा चहा निवला. मडगावचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या ग्रामोफोनच्या साठ-सत्तर तबकड्या सापडल्या, भंगारवाला सगळ्याचे मिळून दोन हजार देतो म्हणतो, देऊन टाकू का? ठेवायच्या तर पुसायच्या कशाने? आणि त्यात गायिका केसरबाईंची एक आहे, ती 'अंतराळात गेलेली' तीच का? असे तुमचे तीन प्रश्न. मी गोव्यातल्या एका मराठी दैनिकात वीस-बावीस वर्षं संगीताचं पान सांभाळलं. ते पान आता निघत नाही आणि मीही घरी बसलोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

भंगारवाल्याला आज 'नाही' म्हणा. दोन हजार कमी आहेत म्हणून नव्हे. माझ्या अनुभवात अशा जुन्या बहुतेक तबकड्यांना त्याहून फार भाव येत नाही. लोकांना वाटतं जुनं ते सोनं. पण एखादं गाणं लोकप्रिय होतं म्हणजे त्याच्या प्रती ढिगाने निघाल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच अजून कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पडून आहेत. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर ते आता फोनवरही मिळतं. तुमच्या ट्रंकेत जे आहे ते फोनवर मिळत नाही. त्याकडे येतो, पण आधी हाताची कामं.

ट्रंकेत दोन जाती असतील, त्या वेगळ्या करा. ज्या जड आहेत, कडक आहेत, नखाने वाजवल्या तर खणकन आवाज देतात त्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या लाखेच्या. बांगड्यांची लाख तीच. आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे ती करतात. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून या तबकड्या दाबल्या जायच्या. हातातून सुटली की कपबशीसारखे तुकडे. ज्या हलक्या आहेत, थोड्या वाकतात, त्या व्हायनलच्या, म्हणजे एका प्लास्टिकच्या. मोठी एलपी (लाँग-प्ले) ३३च्या वेगाची, लहान सात इंची बहुधा ४५ची. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, ४५ त्याच्या पुढच्या वर्षी. आपल्याकडे मात्र लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिल्या. त्यामुळे एकाच ट्रंकेत दोन्ही सापडणं नवल नाही.

आता पुसण्याचं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यातलं काहीही लावू नका. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या एका पावसाळ्यात माझ्याकडच्या तबकड्यांवर पांढरी बुरशी धरली. आषाढात आपल्याकडे चपलांनाही धरते, तिथे तबकड्यांचं काय. दवाखान्यातून स्पिरिटची बाटली आणली, कापूस घेतला आणि एका नाट्यपदाच्या तबकडीवर फिरवला. कापूस काळा झाला. मळ निघतोय म्हणून मी आणखी जोराने घासलं. तो मळ नव्हता. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला ते ठाऊक असतं, मला नव्हतं. दोन इंच रुंद पट्टा काचेसारखा गुळगुळीत झाला. ती तबकडी अजून माझ्याकडे आहे. मध्ये आली की सुई घसरत थेट लेबलाला जाऊन भिडते.

तेव्हा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ सुती कापड. रेघांच्या दिशेनेच गोल गोल फिरवायचं, आडवं घासायचं नाही. लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. लगेच साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून, ताटाळ्यात ताटं लावतो तशा उभ्या, सावलीत वाळवायच्या. उन्हात अजिबात नाही. जुनी पाकिटं बुरशी धरलेली असतील तर तबकड्या नव्या कागदात घाला, पण पाकिटं फेकू नका. आणि ठेवताना उभ्याच ठेवा. एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात आणि एलपी वाकतात.

केसरबाईंची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती अर्धवट सांगितली जाते. केसरबाई केरकर आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ साली अमेरिकेच्या नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली, दोन्हींवर एकेक तबकडी ठेवली. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंची. जास्त गाणी मावावीत म्हणून वेग ठेवला मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे, म्हणजे एलपीच्या निम्मा. सोबत वाजवायला सुईही दिली आणि कशी वाजवायची त्याच्या खुणा वर कोरल्या. त्या तबकडीवर भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंचं भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांचं. एक यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्यामुळे तुमच्या तबकडीच्या लेबलावर 'जात कहाँ हो' आणि भैरवी असेल तर गाणं तेच समजा, पण तबकडी ती नव्हे. ती सोन्याच्या मुलाम्याची तिकडे गेली. तुमची लाखेची, आणि तशा प्रती आणखीही असणार.

साडेतीन मिनिटं का, तर ७८च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. ज्या बाई मैफलीत एकेक राग तासभर मांडायच्या त्यांना चहा उकळेपर्यंत सगळं आटपावं लागे. मी केसरबाईंना प्रत्यक्ष ऐकलं नाही, त्या गेल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्याही ऐन उमेदीच्या मैफली माझ्या आधीच्या. ही सगळी माणसं मला तीन-तीन मिनिटांनीच भेटली. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की देवळाचे, घरांचे चौथरे वर येतात आणि लोक जाऊन दिवे लावतात. मी एकदा बातमीसाठी गेलो होतो. चिखलात उभा राहून मला घरच्या तबकडीतली त्यांची तान आठवत होती आणि संपादकांना हवा होता धरणाच्या पातळीचा आकडा.

आता ज्यासाठी 'विकू नका' म्हटलं ते. नोकरीत नवा होतो तेव्हा जुन्या तबकड्यांवर एक लेखमाला लिहायला घेतली होती. एका बाईंच्या ७८वर लेबल होतं 'भूप'. मी 'भूपाची शांत, भारदस्त मांडणी' वगैरे लिहून मोकळा झालो. चौथ्या दिवशी कचेरीत पोस्टकार्ड. फोंड्याजवळच्या एका गावातून, गाणं सोडून कित्येक वर्षं झालेल्या एका वृद्ध गायिकेचं. दोनच ओळी: रविवारी या. येताना ती तबकडी आणा.

टॉवेलात गुंडाळलेली तबकडी मांडीवर धरून मी कदंबच्या बसने गेलो. ओसरीवर चावीचा ग्रामोफोन आधीच मांडून ठेवलेला. बाईंनी नवी सुई बसवली, चावी भरली, तबकडी लावली. अर्ध्या मिनिटात हात उचलून सुई काढली.

"हो कसलो राग?"

"भूप."

"कोणें सांगलें?"

"लेबलावर आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कान खंय दवरून आयलोस रे?" (कान कुठे ठेवून आलास रे?)

मग गुणगुणल्यासारख्या आवाजात दाखवायला लागल्या. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच पाच: सा रे ग प ध. पण भूप गंधाराशी (ग) घर करतो, देशकार वरच्या अंगाला धैवतावर (ध) ठाण मांडतो. एकदा असं, एकदा तसं, परत असं. मग पुन्हा तबकडी लावली. या वेळी गाणारी बाई धैवतावरून हलायलाच तयार नव्हती. आधी दहा वेळा ऐकूनही ते मला ऐकू आलं नव्हतं, कारण लेबल मी आधी वाचलं होतं. निघताना त्यांनी कानशिलावरची पेन्सिल काढली (हिशेबाची वही शेजारीच होती), लेबलावर 'भूप' खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'देशकार' लिहिलं. दुरुस्ती छापा म्हणून मी कचेरीत मागे लागलो. वाचकांना त्यातलं काय कळतं, असं उत्तर मिळालं. छापली नाही. दुरुस्ती आहे ती त्या लेबलावरच. म्हणून सांगतो, लेबल ओल्या फडक्याने पुसायच्या आधी वाचा. पेन्सिलीची खूण, दुकानाचा शिक्का, कुणाच्या लग्नात मिळाली ती तारीख, जे असेल त्याचा फोटो काढा.

ट्रंकेत कोंकणी ४५ असतील तर त्या वेगळ्या ढिगात टाकून 'ही काय नाट्यसंगीताची नव्हेत' म्हणू नका. आमच्या पानाने ते पाप पुष्कळ केलंय. कोंकणी संगीतकार क्रिस पेरी तुमच्या मडगावातल्या बोर्डाचे, गायिका लॉर्ना यांच्या आवाजातली त्यांची गाणी लग्नालग्नांत वाजायची, आणि मी अभिषेकीबुवांवर, किशोरीताईंवर रकानेच्या रकाने लिहीत असताना त्यांच्यावर एक ओळ लिहिली नाही. कुणी अडवलं नव्हतं. मलाच ते 'आपलं' वाटत नव्हतं. पेरी २००२ साली गेले तेव्हा लिहायला घेतलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. कोंकणी गायक अल्फ्रेड रोझ यांच्याबाबतीतही तेच.

वाजवून बघायचंच असेल तर एक लक्षात ठेवा. एलपीची सुई बारीक असते, ७८च्या रेघेत ती तळाशी बुडते आणि नुसती खरखर येते. ७८ला जाड सुई लागते, टोकाच्या गोलाईची त्रिज्या साधारण इंचाच्या हजार भागांपैकी तीन भाग. पुष्कळ जुन्या प्लेअरांत सुई उलटवायचा छोटा खटका असतो, तो ७८कडे करा. उलटं, म्हणजे ७८ची सुई एलपीवर, तर कधीच नाही. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. लाखेत दगडाची पूड घालायचे ती यासाठीही, की पहिल्या काही फेऱ्यांत सुई घासून रेघेच्या मापाची व्हावी. म्हणजे झीज सुईने सोसायची, तबकडीने नव्हे. पण सुया विकत घ्याव्या लागत, दोनशेची डबी महिनोन्‌महिने पुरवायची असे. मग एकच सुई दहा-दहा बाजूंना चालवायचे. तेव्हा मात्र बोथट सुई तबकडीच खाते.

आणि म्हणूनच कुठली बाजू पांढरी पडलीय ते बघायला सांगतो. तबकडी खिडकीशी तिरपी धरा. कमी वाजलेली बाजू काळीभोर चकचकीत दिसेल. फार वाजलेली राखाडी, पांढुरकी. नीट बघितलं तर पांढरेपणा सगळीकडे सारखाही नसतो. कुणी एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायला सुई उचलून मागे ठेवली असेल तर तिथे पट्टा दिसतो, शेजारी सुई टेकल्याचे बारीक ओरखडे असतात. आमच्या घरी दीनानाथांच्या एका तबकडीवर असा पट्टा आहे, शेवटच्या तानेपाशी. वडील गात नसत. ते गुणगुणलेले सुद्धा मी कधी ऐकले नाहीत. पण ती तान बसवायचा प्रयत्न घरात कुणीतरी खूप दिवस केलाय, आणि घरात ग्रामोफोनला हात लावायची परवानगी एकट्या वडिलांनाच होती.

तुमच्या आजोबांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, ते गाणं ऐकायचे हेही ट्रंक उघडल्यावरच कळलं म्हणता. तर या रविवारी पुसायला बसाल तेव्हा एक कागद घ्या आणि ज्या बाजू पांढऱ्या आहेत तेवढ्यांचीच नावं लिहून काढा. मला ती यादी पाठवा. आणि ट्रंकेच्या तळाशी कुत्र्याच्या चित्राची छोटी पत्र्याची डबी हाताला लागली तर ती उघडून बघा, वापरलेल्या सुया आत असतील तर टोचतील, जपून.