तुझ्या टाइमिंगबद्दल लिहितोय

बाळा,

रात्री तुझा मेसेज वाचला, "सर तो ५:०८ ला आला, मी अजून तिथंच, माझं काय होईल असं वाटत नाय." तो म्हणजे तुझ्यासोबत पळणारा पोरगा, कळलं मला. फोनच केला असता पण फोनवर तू नुसता हो सर हो सर करतोस, म्हणून लिहून पाठवतोय. नीट वाच, दोनदा वाच.

आधी त्या दिवशीची पोलीस भरतीच्या १६०० मीटरची ट्रायल बघू. तुझे ४०० मीटरचे चारही लॅप माझ्याकडे लिहिलेत, ७२, ८४, ९९, १०१ सेकंद. टोटल ५:५६. त्याच्या आधीच्या ट्रायलला तू ५:४८ आलेलास आणि चारही लॅप ८७ च्या आसपास होते. म्हणजे ८ सेकंद मागे गेलास, आणि पाय तेच, ग्राउंड तेच, शूज पण तेच. फरक एवढाच की या वेळी शिट्टी वाजल्यापासून तू त्याच्या पाठीला चिकटलास. त्याला ७२ चा पहिला लॅप झेपतो, तुला अजून नाय झेपत, आणि सुरुवातीलाच एवढा जोर लावला की पुढं श्वास पुरत नाय, मांड्या दगडासारख्या होतात, मग तिसऱ्या लॅपला माणूस पळत नाय, नुसता पाय ओढतो. तुझी ताकद कमी पडली नाय रे, तू त्याची रेस पळायला गेलास.

आणि हे डोक्यात पक्कं बसव, पोलीस भरतीच्या १६०० मीटरला मार्क नंबरावर नसतात, वेळेवर असतात. ५:१० च्या आत आलास की पूर्ण २०, त्यानंतर मार्क कमी होत जातात. तुझ्या बॅचमधली सगळी पोरं तुझ्या पुढं गेली आणि तू ५:०९ ला आलास तरी २० तुझेच. आणि सगळ्यांना मागं टाकून पहिला आलास पण ५:२५ लागले तर २० नाय मिळणार, पहिला आला म्हणून कुणी एक मार्क वाढवून देत नाय.

आता तू म्हणशील सर शेवटी मेरिट लागतंच की, एका जागेला दहा जण लेखीला घेतात, मग स्पर्धा नाय कशी. आहे ना, नाय कोण म्हणतंय. मी तुला स्पर्धा खोटी आहे असं सांगायला बसलो नाय. पण त्या लिस्टमधल्या दुसऱ्या कुणाचे मार्क तुझ्या हातात आहेत का? त्याचा एक मार्क पण तू कमी करू शकत नाय. तुझे वाढवू शकतोस. रात्री जागून त्याचं स्टेटस बघत बसलास तर त्याचं टाइमिंग तेवढंच राहतं, तुझी झोप मात्र जाते, आणि झोप गेली की सकाळचं इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात थोडं हळू पळायचा सराव, गेलं.

अविनाश साबळेचं नाव तुला माहितीय, आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचा पोरगा, बारावीनंतर आर्मीत गेला. त्याचे मेडल सगळ्यांना माहितीत, मला मात्र त्याचं टाइमिंग लई आवडतं. २०१८ ला भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची रेस, ८:२९.८० मध्ये पळाला आणि गोपाल सैनीचं १९८१ पासूनचं नॅशनल रेकॉर्ड मोडलं. तिथून पुढं तो स्वतःचंच रेकॉर्ड मोडत राहिला. टोकियो ऑलिम्पिकला ८:१८.१२, परत नॅशनल रेकॉर्ड, तरी फायनलला गेला नाय, कारण त्याची हीट, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, फास्ट होती. विचार कर, आयुष्यातली तोवरची सगळ्यात भारी रेस पळालास आणि बाहेर. दुसरा कुणी असता तर तिथंच खचला असता. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला ८:११.२०, सिल्व्हर, गोल्ड ०.०५ सेकंदांनी हुकलं. आणि मग जुलै २०२४, पॅरिस डायमंड लीग, म्हणजे जगातल्या टॉप पळणाऱ्यांची स्पर्धा, ८:०९.९१. त्या दिवशी तो कितवा आला माहितीय? सहावा. नंबर बघणाऱ्याला वाटेल काय मोठं केलं, सहावा तर आला. पण सहा वर्षांत जवळपास २० सेकंद कमी केलेत त्यानं, आणि या लेव्हलला एकेक सेकंद काढायला काय लागतं हे जो पळतो त्यालाच कळतं.

घरचं पण मला कळतं. चुलतभाऊ लागला, गावात बॅनर लागलं, आई रोज तेच काढते, वय निघून चाललंय हे तुला रात्री झोपू देत नाय. आईचा राग धरू नको, तिला काळजी आहे आणि ती बोलायची तिला एवढीच पद्धत माहितीय. तिला तुझी वही दाखव, महिन्यापूर्वी किती होतं आणि आता किती आहे. वाचून दाखव तिला.

वही नसेल तर आजच कर. तारीख, लॅपचे टाइम, किती तास झोपलास, कुठं दुखतंय. एवढंच. आणि त्या ५:०८ वाल्याचा शेड्यूल कॉपी करणं बंद. तो लहानपणापासून पळतोय, त्याच्या हाडांना सवय आहे, तू एकदम तेवढे किलोमीटर वाढवलेस म्हणून तुझी नडगी दुखतेय, मला लंगडताना दिसलास परवा. दुखणं लपवून पळालास तर दोन-तीन महिने घरी बसशील. आणि ग्राउंडच्या दिवशी हे इंजेक्शन घे, ती गोळी घे असं कुणी सांगितलं, कितीही जवळचा असला तरी, तिथून उठून यायचं. ह्यात माझ्याकडं माफी नाय.

त्या पोराशी मात्र बोल. तो वाईट नाय. पळताना हात कसे ठेवतो, तिसऱ्या लॅपला काय करतो, विचार त्याला, सांगेल तो. सरावाला त्याच्या मागं ४०० मीटरचे रिपिटेशन मार, म्हणजे तेवढंच अंतर परत परत, दोनच, चांगला खेचून नेईल तुला. ट्रायलला मात्र तुझा पेस.

५:१० चं नाव आत्ता काढायचंच नाय. आधी ५:४० करायचंय, म्हणजे लॅपला ८५. नडगी शांत होईपर्यंत फक्त चालणं आणि स्ट्रेचिंग, मग येत्या रविवारी नाय, त्याच्या पुढच्या रविवारी सहाला ग्राउंडवर ये. घड्याळ मी धरतो, प्रत्येक लॅपला टाइम ओरडून सांगतो, आणि पहिला लॅप ८४ च्या खाली मारलास तर तिथंच थांबवून परत सुरुवातीपासून पळवीन.