लाइम ट्रीच्या फुलांचा पारंपरिक औषधी उपयोग काय?

हे झाड आपल्या लिंबाचं नव्हे. युरोपात लिंडन म्हणजे टिलिया जातीच्या झाडालाही लाइम ट्री म्हणतात. त्याची फुलं जून-जुलैमध्ये तोडून सावलीत वाळवतात. जर्मनीत सर्दी-पडशाला या फुलांचा चहा कढत पिऊन, पांघरूण घेऊन घाम काढायची जुनी रीत आहे. फ्रान्समध्ये तो रात्री शांत झोपेसाठी घेतात. युरोपीय औषध संस्थेने सर्दी आणि सौम्य मानसिक ताण हे उपयोग मान्य केलेत, पण दीर्घ परंपरेच्या आधारावर, चाचण्यांच्या नव्हे. हा फरक खरंच लक्षात ठेवा. प्रमाण: १.५ ग्रॅम फुलं, १५० मिली उकळतं पाणी, झाकून मुरवायचं. ताप चढला किंवा दम लागला तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.