आधी परतीची गाडी विचार

नाशिक, सिडको

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून आईला आणि आजीला भंडारदरा दाखवायचं तू ठरवलंस, हे वाचून मला फार आनंद झाला. पण पुढच्याच ओळीत गाडीवाल्याने सांगितलेलं भाडं लिहिलंस आणि ‘आता पुढच्या वर्षी बघू’ म्हणालीस. असं करू नकोस. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिचे पाय आज चालताहेत. एसटीने जा.

हिशेब सरळ आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्याही आधीपासून प्रवास मोफत. म्हणजे तुम्हा तिघींचं मिळून एकच पूर्ण तिकीट पडतं. आजीचं आधार कार्ड मात्र पिशवीच्या तळाशी टाकू नकोस, हाताशी ठेव. गाडी भरलेली असली की कंडक्टरला थांबायला वेळ नसतो.

नाशिकहून शेंडी सत्तरेक किलोमीटर. शेंडी हे नाव लक्षात ठेव, धरणाजवळचा थांबा तोच. अकोले किंवा राजूरची पाटी असलेली, घोटीवरून जाणारी गाडी मिळाली तर उत्तम, दोन-अडीच तासांत थेट उतरशील. नाहीच मिळाली तर घोटीपर्यंत जा आणि तिथून पुढची गाडी धर. घोटीच्या गाडीत चढतानाच कंडक्टरला विचार, ‘स्टँडला जाणार ना?’ लांब पल्ल्याची गाडी गावात शिरेलच असं नाही, आणि हायवेवर उतरवलं तर आजीला उन्हात चालावं लागेल. घोटीहून काळी-पिवळी जीपही मिळते, पण ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि भरते म्हणजे अगदी खचाखच. तुम्ही दोघी तरुण मुली असतात तर मी जा म्हटलं असतं. आजीसाठी एसटीच बरी.

आता खरं सांगायचं ते सांगते. जाण्याची गाडी कुणीही शोधतं. तू आधी परतीची विचार.

मी नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती. आम्ही चौघी शिक्षिका रविवारी भंडारदऱ्याला गेलो. सकाळी धरण पाहिलं, मग रंधा धबधब्याला गेलो. तिथे पाणी इतकं होतं की उठावंसं वाटेना. शहरात रात्रीपर्यंत बस असते, इथेही असेल, असं आम्ही गृहीत धरलं. कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी फाट्यावर आलो तेव्हा दुकानदार फळी लावत होता. त्याने सांगितलं, शेवटची गाडी केव्हाच गेली. अंधार पडला, पाऊस आला, आणि आमच्यातली एक दीड वर्षाचं मूल घरी ठेवून आली होती. तिने रडणं दाबून धरलं होतं, ते मला अजून आठवतं. भाजीचा टेम्पो थांबला म्हणून घोटीला पोहोचलो. त्या दिवसाचा पैशाने काही तोटा झाला नाही, पण तिने त्यानंतर आमच्याबरोबर कधी सहल केली नाही.

म्हणून शेंडीला उतरलीस की चहा घ्यायच्या आधी विचार: नाशिकची, घोटीची, शेवटची गाडी किती वाजता? एकालाच विचारून थांबू नकोस. ड्रायव्हरला विचार, टपरीवाल्याला विचार. टपरीवाला रोज ती गाडी जाताना बघतो, त्याची वेळ सहसा खरी निघते. आणि शेवटच्या गाडीवर बेत ठेवू नकोस, तिच्या आधीची धर. शेवटची हाताशी राहू दे.

माझं मन विचारशील तर एक रात्र राहा. एका दिवसात जाऊन येता येतं, पण आजीला तो दिवस गाडीतच घालवल्यासारखा वाटेल. शेंडीत घरगुती खोल्या मिळतात, जेवणही घरचंच असतं: पिठलं, भाकरी, भात, ठेचा. फोनवर भाडं विचारशीलच. त्याआधी विचार की खोली तळमजल्यावर आहे का आणि कमोड आहे का. शनिवार-रविवार टाळ. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे भावही चढतात. एखादी रजा टाक आणि मंगळवार-बुधवार धर. गणपती होऊ देत, सप्टेंबरअखेरीला जा. धरण बहुधा १५ ऑगस्टच्या सुमाराला भरतं, त्यामुळे तेव्हा जलाशय काठोकाठ असतो, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुलं असतात.

सकाळी सहाला आजीला उठव. स्वेटर आणि कानाला बांधायला रुमाल घे. पाण्यावर धुकं असतं, पलीकडचे डोंगर आधी दिसतच नाहीत. मग वरून एकेक कडा उघडत जातो, तर खाली पाणी अजून पांढरंच असतं. काठाला ओल्या लाल मातीचा वास येतो. अर्ध्या तासात ऊन आलं की सगळं निळं-हिरवं होतं. तो अर्धा तास दिवसाच्या सहलीला येणाऱ्याला मिळत नाही, आणि राहण्याचा खर्च मी त्याच्यासाठीच करायला सांगते आहे.

धरणाबद्दल आजी विचारेल, तिला विचारायची सवय आहे. सांग, हे प्रवरेवरचं धरण, १९२६ साली पुरं झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन, त्यांच्या नावावरून विल्सन डॅम. साठा ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. हे पाणी आपल्या नाशिकला येत नाही, ते खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी श्रीरामपूर-राहात्याकडच्या शेतांना जातं. भिंतीच्या मोरीतून पाणी सोडलेलं असेल तर ते खालच्या गोल खडकावर आपटून छत्रीसारखं पसरतं, म्हणून त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. ते लांबून बघा. ओल्या दगडावर आजीला उतरवू नकोस, फोटोसाठी तर नाहीच.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर जमलं तरच. शेंडीहून ते वीसेक किलोमीटर आहे, एसटीच्या भरवशावर जाऊ नका. गावातल्या जीपवाल्याशी बोल, आणि खोलीवर उतरलेलं दुसरं कुटुंब तिकडे निघालं असेल तर भाडं वाटून घ्या. कुठे कुठे थांबणार आणि एकूण किती घेणार, हे बसायच्या आधी ठरव. काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं जुनं देऊळ आहे. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी पाण्याखाली जाते. तुम्ही जाल तेव्हा ते उतरलेलं नसेल, तर आजीला पाण्यालाच हात जोडावे लागतील. तिला ते आवडेल असं मला वाटतं.

कळसूबाईचं या वेळी मनातही आणू नकोस. बसमधून बारी गावाजवळ शिखर दाखव, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. चढायला तू नंतर मैत्रिणींबरोबर जा.

पैसे सुट्टे ने. दहा-वीसच्या नोटा जास्त. मोबाइलला रेंज नसली की ऑनलाइन पैसे देता येत नाहीत, आणि टपरीवर पाचशेची नोट मोडत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या तिथे टाकू नका, परत आणा. आजीच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घे.

येताना घोटीत गाडी बदलावी लागली आणि हातात वेळ असला तर इंद्रायणी तांदूळ घे. भात पिकवणारा तालुका आहे, तांदूळ ताजा मिळतो. एक किलो माझ्यासाठीही आण, पैसे मी देईन. आणि शेंडीला उतरल्यावर परतीची वेळ विचारलीस की मला लगेच कळव.

तुझ्या बाई