जुनी पिकअप घेतोय, थर्ड पार्टी पुरे की फुल इन्शुरन्स? आणि स्वस्तात कसा बसेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २०२१ ची बोलेरो पिकअप घ्यायची ठरली आहे, दुकानाचा किराणा आणायचा आणि मधल्या वेळात भाडी मारायची. एक एजंट फुल इन्शुरन्सचे तेवीस हजार सांगतो. दुसरा म्हणतो, कशाला एवढे घालवता, थर्ड पार्टी नऊ हजारात करून देतो. कोणाचं ऐकायचं?

मी नारायणगावचा. अकरा वर्षं झाली, पिकअपवर टोमॅटो आणि तरकारी वाशी मार्केटला नेतो. एजंट नाही, कुठल्या कंपनीचा माणूसही नाही. एकदा विम्यात चांगलाच पोळलोय, त्यामुळे आता पॉलिसीची पानं ओळन् ओळ वाचतो.

आधी त्या नऊ हजारवाल्याचं बघू. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. भाड्याने माल वाहणारी, भरलेलं वजन साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी असेल तर २०२२ च्या अधिसूचनेत वर्षाला १६,०४९ रुपये आहेत. सरकारी कंपनीत जा, खासगीत जा, मोबाइलवर काढा, आकडा तोच. त्यावर जीएसटी. माल वाहणाऱ्या गाड्यांच्या थर्ड पार्टीवर आधी तो बारा टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झाला. म्हणजे १६,८५१ रुपये. यात कोणाच्या ओळखीने शंभर रुपयेही कमी होत नाहीत.

मग नऊ हजारात कसं बसतं? बहुतेक तो तुमची गाडी 'प्रायव्हेट कॅरिअर' म्हणून लावतोय. फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीसाठी हा वेगळा वर्ग आहे आणि त्याचा दर जवळपास निम्मा पडतो. दुकानाचा किराणा सोडून तुम्ही दुसऱ्याचं काही भरणार नसाल तर तो खुशाल घ्या, त्यात गैर काही नाही. पण तुम्हीच लिहिलंय, मधल्या वेळात भाडी मारायची. ज्या दिवशी भाड्याचा माल गाडीत असताना कोणाला धडक बसेल, त्या दिवशी कंपनी बिल्टी, म्हणजे माल कोणाचा त्याची पावती, मागेल आणि हात वर करेल. मग कोर्टाने ठरवलेली भरपाई तुमच्या सातबाऱ्यावरून निघणार.

दुसरी शक्यता याहून वाईट, ती म्हणजे कागदच खोटा. आमच्या ओळखीत एकाच्या टेम्पोची पॉलिसी निघाली ती दुचाकीची. नंबर टेम्पोचा, हप्ता मोटरसायकलचा, आणि छापील प्रत कॉम्प्युटरवर बदलून हातात दिलेली. पोलिसाने अडवलं तेव्हा चाललं, अपघात झाल्यावर नाही चाललं. म्हणून पैसे दिल्यावर एम-परिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून विमा दिसतो का बघा, पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, आणि कंपनीला फोन करायचा तर तिच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर करा. पॉलिसीवर छापलेला नंबर एजंटच्या मेव्हण्याचाही असू शकतो.

इथे कोणीतरी म्हणेल की अमक्याची इसुझूची व्ही-क्रॉस पण पिकअपच आहे, तिचं थर्ड पार्टी आठ हजारांत झालं. बरोबर आहे, पण ती पांढऱ्या पाटीची, खासगी गाडी म्हणून नोंदलेली. तिला पंधराशे सीसीच्या वरच्या मोटारीचा दर लागतो, ७,८९७ रुपये. तुमची पिवळी पाटी. तो हिशोब तुम्हाला लागू नाही.

आता थर्ड पार्टी पुरे का? कायद्यासाठी पुरे. ते नसेल तर पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार दंड, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. तुमच्या गाडीने कोणी मेलं, जखमी झालं, तर त्याची भरपाई कंपनी देते, तिला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. काही एजंट शे-दोनशे रुपये वाचवायला ही मर्यादा सहा हजारांवर आणून ठेवतात आणि सांगतही नाहीत. पुढची गाडी फॉर्च्युनर निघाली तर सहा हजारांत तिचा आरसा येईल. पॉलिसीवर साडेसात लाखांचा आकडा डोळ्यांनी बघून घ्या.

तुमच्या स्वतःच्या गाडीला मात्र थर्ड पार्टीतून दमडी मिळत नाही. चोरी झाली, जळाली, पुरात बुडाली, काहीही झालं तरी नाही. पाच वर्षांच्या आतबाहेरची, तीन-चार लाखांची गाडी, त्यातून कर्ज काढून घेत असाल, तर फुलच घ्या. माझ्याकडे दुसरी एक बारा वर्षांची जुनी पिकअप आहे, ती फक्त गावात खत-पेंड आणायला. तिला मी थर्ड पार्टीच ठेवतो. तिची किंमतच एवढी खाली आलीय की फुलचा हप्ता भरून परत काय मिळणार!

पण 'फुल' या शब्दावर जाऊ नका. मी गेलो होतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास ओतूरच्या पुढे कल्याण रस्त्याला उसाची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक मारला तरी गाडी घसरत जाऊन तिच्यात घुसली. मी आणि क्लीनर वाचलो, क्रेट रस्त्यावर, टोमॅटोचा चिखल. गाडी सव्वादोन वर्षांची होती, पॉलिसी फुल. गॅरेजचं बिल एकाहत्तर हजार झालं. कंपनीने दिले एकोणतीस हजार.

सर्व्हेअरशी, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी पाठवते त्या माणसाशी, भांडायला गेलो तर तो शांत. त्याने माझीच पॉलिसी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, यात आयएमटी २३ कुठे आहे दाखवा. मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. झालंय असं की मालवाहू गाडीच्या साध्या फुल पॉलिसीत बॉनेट, बंपर, मडगार्ड, हेडलाइट आणि बाकीचे दिवे, टायर-ट्यूब, बाजूचे पत्रे आणि तुटलेल्या भागाचा रंग, हे धरलेलंच नसतं. गाडी पूर्ण गेली तर गोष्ट वेगळी, पण नुसती ठोकली तर नाही. आता तुम्हीच सांगा, पिकअप समोरून ठोकली की दुसरं काय तुटतं? माझ्या बिलातले अडतीस हजार याच सामानाचे होते. राहिले तेहतीस, त्यातून पत्र्याच्या भागांचा पंधरा टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापला, थोडी सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममधून कापतात ती ठरलेली रक्कम, झाले एकोणतीस.

हे सामान पॉलिसीत आणायला आयएमटी २३ नावाची जोडणी लागते. जुन्या दरपत्रकाप्रमाणे ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पंधरा टक्के. माझा तो हप्ता पावणेचार हजारांचा होता. म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपयांसाठी अडतीस हजार गेले. एजंटला विचारलं तर म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना भाऊ, सगळ्यात कमी बसव." खोटं बोलला नाही तो.

म्हणून तुमच्या तेवीस हजारवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की यात आयएमटी २३ धरलाय का. धरला असेल तर भाव वाईट नाही. त्यातले जवळपास सतरा हजार थर्ड पार्टीचेच आहेत, उरलेल्या सहा हजारांत बाकी सगळं.

घासाघीस करायची ती या उरलेल्या सहा हजारांत. गाडीच्या नुकसानीच्या भागाचा दर कंपन्या आपापला लावतात, त्यामुळे तीन-चार ठिकाणचे आकडे घ्याच. घेताना मात्र सगळीकडे आयडीव्ही, म्हणजे गाडीची धरलेली किंमत, एकच ठेवा. नाहीतर एकाने साडेचार लाख धरलेत आणि दुसऱ्याने तीन, आणि आपण म्हणतो दुसरा स्वस्त. पाच वर्षांपर्यंत या किमतीला ठरलेली घट आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला नव्या किमतीच्या निम्मी. त्यापुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तिथेच एजंट किंमत पाडून हप्ता कमी दाखवतात. चोरी झाली तर हातात तेवढेच पडणार.

नो क्लेम बोनसचं पिकअपमध्ये फार कौतुक करू नका. क्लेम न घेतल्यास हप्त्यात मिळणारी ही सूट, वीस टक्क्यांपासून पन्नासपर्यंत चढतो खरा, पण तो थर्ड पार्टीवर लागत नाही. चार हजारांचे पन्नास टक्के म्हणजे दोन हजार. तरी एक फुटका हेडलाइट म्हणून क्लेम टाकू नका, गॅरेजवाल्याकडून खिशातून करून घ्या. आणि पॉलिसी संपून नव्वद दिवस गेले तर साठवलेला बोनस गेला.

तुम्ही जुनी गाडी घेताय, म्हणून हे नीट वाचा. विकणाऱ्याची पॉलिसी अजून सहा महिने आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो असं धरतात, पण गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे बदलीचा अर्ज द्यावा लागतो. गाडी तुमच्या नावावर, पॉलिसी जुन्या मालकाच्या, आणि मधेच ठोकली तर दोघांनाही काही मिळत नाही. शिवाय बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाचा पन्नास टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, बदलीच्या वेळी कंपनी तेवढा फरक तुमच्याकडून भरून घेते. हे सौदा करतानाच लक्षात ठेवा, "विमा चालू आहे" म्हणून तो पाच हजार जास्त मागत असेल तर देऊ नका.

लायसनचं टेन्शन घेऊ नका. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसनवर चालते. सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलं होतं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने तेच कायम केलं. तरी कोणी बॅज, म्हणजे व्यावसायिक गाडी चालवण्याची वेगळी नोंद, नाही म्हणून क्लेम नाकारत असेल तर हा निकाल पुढे करा. आरटीओचा फिटनेस दाखला मात्र चुकवू नका. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. फिटनेस संपलेल्या गाडीचा क्लेम लटकतोच. भरलेलं वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, तुमच्या आरसीवरचा आकडा बघून घ्या.

वजनाचंही असंच. १.७ ची पिकअप म्हणजे सतराशे किलो, वीस किलोचे पंच्याऐंशी क्रेट. आमच्याकडे किती भरतात ते इथे लिहीत नाही, पण सर्व्हेअरने माझ्याकडे वजनकाट्याची पावती मागितली होती. आणि हो, आतला माल या पॉलिसीत येत नाही. माझे टोमॅटो गेले ते गेलेच. महागडा माल भरणार असाल तर मालाचा विमा वेगळा काढायचा.

राहिली माणसं. मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा पंधरा लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, तो एजंट धरतोच. ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल यांची जबाबदारी किरकोळ जादा पैशांत पॉलिसीत घालता येते, दोन माणसं लावून घ्या. माल ज्याचा तो मालासोबत बसला तर त्याचं संरक्षण कायद्यातच आहे. पण जत्रेला, लग्नाला मागे हौद्यात माणसं भरली तर कंपनी जबाबदार नाही, हे सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात साफ सांगितलंय. गावात पिकअप आली की पहिल्या चैत्रातच कोणीतरी काका येतील, "भाऊ, जत्रेला तेवढं सोड की, डिझेल आम्ही टाकतो." त्यांना एसटीचं वेळापत्रक द्या.

सौदा झाला की आरसी बदलीच्या पावतीची झेरॉक्स घेऊन त्याच आठवड्यात कंपनीच्या शाखेत जा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून आणा. तेवीस हजारवाल्याच्या कोटेशनचा फोटो इथे टाकलात तर बघून सांगतो काय धरलंय आणि काय सोडलंय. रात्री नऊनंतर उत्तर देईन, त्याआधी गाडी भरत असतो.